बोटीत मीच सगळ्यात कच्चा आहे, शर्यतीतून नाव मागे घेऊ का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही ऑक्टोबरात केंब्रिजला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आलात. त्याआधी कधी वल्हं हातात धरलं नव्हतं. कॉलेजच्या नवशिक्यांच्या आठजणी बोटीत, म्हणजे नॉव्हिस एटमध्ये, तुम्हाला पाचव्या सीटवर बसवलंय. अर्गवर, म्हणजे वल्हवण्याच्या मशीनवर, दोन हजार मीटरला तुम्हाला ८:०४ मिनिटं लागली, बाकीचे सगळे ७:३० च्या आसपास आहेत. गेल्या आठवड्यात दोनदा क्रॅब झाला, म्हणजे वल्हं पाण्यात अडकलं, दोन्ही वेळा ओढून झाल्यावर अचानक, आणि दुसऱ्यांदा तर बोट पूर्ण थांबली. नोव्हेंबरात एक छोटी रेगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यतींचा मेळावा, आहे, डिसेंबरच्या सुरुवातीला फेअरबेर्न कप ही लांब शर्यत. आणि तुम्ही विचारताय की माझ्यामुळे सात जणांचं नुकसान होण्यापेक्षा आत्ताच बाजूला झालेलं बरं का?

मी याच कॅम नदीवर नवशिका म्हणून सुरुवात केली आणि पुढे अकरा वर्षं दर मायकलमस टर्मला, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सत्राला, नवशिक्यांना शिकवलं. दर वर्षी कोणी ना कोणी आउटिंग, म्हणजे नदीवरचा सराव, संपल्यावर बोट रॅकवर ठेवून झाली की मागे रेंगाळतो आणि हाच प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा चौथ्या आठवड्यात. पहिल्या दोन आठवड्यांत सगळेच चुकत असतात, त्यामुळे कोणाची चूक कोणती हेच कळत नाही. चौथ्या आठवड्यात बोट जरा पळायला लागते आणि ती कोणामुळे थांबली ते दिसायला लागतं. तुम्हाला तुमची चूक दिसतेय याचा अर्थ बाकीची बोट सुधारली आहे, आणि तिच्यासोबत तुम्हीही सुधारला आहात.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे: माझी ताकद कमी आहे, आणि माझा क्रॅब होतो. या दोन्हींचा बोटीवर होणारा परिणाम इतका वेगळा आहे की त्यांचा विचार वेगवेगळाच करायला हवा.

आधी ताकद. अर्गवर दिसणारा वेग आणि तुम्ही लावलेली शक्ती यांचं नातं घनाचं आहे. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. ८:०४ म्हणजे दर ५०० मीटरला २:०१, म्हणजे साधारण १९८ वॅट. ७:३० म्हणजे दर ५०० मीटरला १:५२.५, साधारण २४६ वॅट. फरक ४८ वॅटचा. दोन माणसं शेजारी उभी करून पाहिली तर हा फरक मोठा आहे, ते मी नाकारत नाही. पण बोटीत वल्हवणारे आठ आहेत. सात जण २४६ चे आणि एक १९८ चा धरला तर बोटीची एकूण शक्ती अडीच टक्क्यांनीही कमी होत नाही. आणि तेच घनाचं नातं इथे तुमच्या बाजूने काम करतं: वेग एक टक्क्याहूनही कमी घटतो. तीन मिनिटांच्या शर्यतीत दीड सेकंद, दहा मिनिटांच्या शर्यतीत पाच सेकंद. हिशेब ढोबळ आहे, कारण अर्गवरची सगळी शक्ती पाण्यात उतरतेच असं नाही. पण नवशिक्यांच्या बोटीत ती बलदंड माणसाचीच जास्त वाया जाते असा माझा अनुभव आहे. शिवाय तुम्ही वजनाने हलके असाल तर त्या दीड सेकंदातलं काही परतही मिळतं, कारण बोट तेवढी कमी बुडते.

आता क्रॅब. मी काठावरून कितीदा घड्याळ लावून पाहिलंय. सराव नसलेल्या नवशिक्यांची बोट क्रॅबमुळे पूर्ण थांबली, तर वल्हं सोडवून, सगळे पुन्हा एकत्र येऊन, आधीचा वेग गाठेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद सहज जातात. एकीकडे दीड सेकंद, दुसरीकडे पंचवीस. पाच आठवड्यांत तुमचे ४८ वॅट वाढणार नाहीत आणि ते वाढवण्याच्या मागे लागूही नका. क्रॅब मात्र पाच आठवड्यांत आटोक्यात येतो. मी तो आटोक्यात आलेला दर वर्षी पाहिला आहे.

क्रॅब होतो म्हणजे वल्ह्याचं ब्लेड पाण्याबाहेर यायच्या वेळी आतच अडकतं. नवशिक्यांची बोटसुद्धा सेकंदाला चार मीटरच्या आसपास पुढे सरकत असते. ब्लेड पाण्याने धरून ठेवलेलं आणि बोट पुढे चाललेली, म्हणून वल्ह्याची मूठ उलटी तुमच्या पोटावर येऊन आदळते. याची कारणं मुख्यतः तीन. एक, स्ट्रोक संपताना ब्लेड पाण्यातून पूर्ण बाहेर यायच्या आधीच तुम्ही ते आडवं फिरवता. दोन, स्ट्रोकच्या सुरुवातीला ब्लेड पूर्ण उभं नसतं, त्यामुळे ते सुरीसारखं खोल शिरतं आणि वर येतच नाही. तीन, बोट तुमच्या बाजूला कललेली असते, आणि मूठ खाली दाबायला मांडीवर जागाच उरत नाही. तिसऱ्या कारणात दोष एकट्या तुमचा नसतो, आठही जणांच्या हातांची उंची त्याला जबाबदार असते. पण तुम्ही लिहिलंय की क्रॅब 'ओढून झाल्यावर अचानक' होतो. ही खूण पहिल्या कारणाची आहे.

पाचवी सीट बहुतेक बोटींत बो साइडची असते, म्हणजे तुमचं वल्हं तुमच्या डाव्या हाताला बाहेर जातं. तसं असेल तर उजवा हात बाहेरचा, मुठीच्या टोकावरचा, आणि डावा हात आतला. कामं वाटलेली आहेत. उजवा हात उंची सांभाळतो, डावा हात वल्हं फिरवतो. भीती वाटली की माणूस दोन्ही हातांनी वल्हं आवळतो, आणि आवळलेला डावा हात वेळेआधीच मनगट वाकवतो. बस, तिथेच क्रॅब होतो.

एका मुलीचं उदाहरण सांगतो. तिचा दर आउटिंगला एक तरी क्रॅब ठरलेला. मी सायकलवरून काठाकाठाने जात तिच्या ब्लेडकडे पाहायचो आणि ओरडायचो, 'नंतर फिरव, नंतर फिरव.' काही उपयोग होत नव्हता. मग एका सकाळी बोट काठाला लावून तिचे हात जवळून पाहिले. डाव्या हाताच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक फोड फुटून लाल झाला होता. वल्हं नुसतं धरलेलं असेल तर त्या जागी फोड येत नाही. फिरवताना पिळलं जात असेल तरच येतो. मी ब्लेडकडे पाहत राहिलो होतो, चूक मात्र तळहातावर लिहिलेली होती. पुढच्या तीन आउटिंगमध्ये तिला रोज दहा मिनिटं डावा हात पाठीमागे ठेवून फक्त उजव्या हाताने वल्हवायला लावलं. दोघीदोघी वल्हवायच्या, बाकीच्या सहा जणी ब्लेड पाण्यावर आडवी टेकवून बोट स्थिर धरायच्या. एका हाताने वल्हवताना वल्हं फिरवता येत नाही, त्यामुळे ब्लेड उभंच बाहेर काढावं लागतं. मूठ खालच्या बरगड्यांपर्यंत आली की ती साधारण मुठीएवढी खाली दाबायची, आणि ब्लेड उभंच्या उभं सुटतं. हे उजव्या हाताला एकदा कळलं की डावा हात परत ठेवायचा, सैल, बोटांनी फक्त अडकवलेला. तिसऱ्या दिवशी तिच्या ब्लेडमागे पाण्यात घट्ट, गोल भोवरा उमटायला लागला. आधी तिथे नुसता फेस असायचा.

तुम्हीही हेच करा. त्याच्या जोडीला रोज पाचसात मिनिटं स्क्वेअर ब्लेडने वल्हवा, म्हणजे स्ट्रोक संपल्यावरही ब्लेड आडवं न करता उभंच ठेवून मागे न्यायचं. आणि कान उघडे ठेवा. आठही जण एकाच क्षणी ब्लेड फिरवतात तेव्हा आठ गेटांमधून, म्हणजे वल्हं ज्यात बसतं त्या खोबणींमधून, एकच 'ठक्' ऐकू येतो. तुमचा ठक् त्याआधी आला तर तुम्ही घाई केली. मागे वळून ब्लेडकडे पाहू नका, त्याने बोट कलते. कानाने कळतं.

एवढं करूनही शर्यतीत क्रॅब होऊ शकतो. होऊ द्या. नवशिक्यांच्या शर्यतीत माझ्या मते खरी कसोटी पुढच्या दहा सेकंदांची असते. मूठ पोटाशी आली की तिच्याशी झुंजू नका, झुंजण्यात बरगड्या दुखावतात आणि वेळही जातो. मागे झुका, ती डोक्यावरून जात असेल तर जाऊ द्या. कॉक्स, म्हणजे बोट वळवणारा आणि हुकूम देणारा नववा माणूस, 'इझी देअर' (थांबा) म्हणेल, सगळे थांबतील, बोटीचा वेग उतरला की मूठ पुन्हा समोर आणा आणि मोठ्याने 'फाइव्ह रेडी' म्हणा. हे म्हणणं फार महत्त्वाचं आहे, कारण कॉक्सला मधल्या माणसांच्या आडून तुमचं वल्हं नीट दिसत नाही आणि तो अंदाजाने थांबून राहतो. लहान क्रॅब असेल, मूठ हातातून सुटली नसेल, तर बोट थांबवायचीही गरज नाही: एक स्ट्रोक सोडा, पुढच्या माणसाची पाठ पाहा, त्याच्याबरोबर पुन्हा आत या. तुमच्या कोचला सांगा की दर आउटिंगला दोनदा मुद्दाम क्रॅबची तालीम घ्या. कॉक्सने अचानक एकाचा नंबर पुकारायचा, त्याने वल्हं सोडायचं आणि सगळ्यांनी किती सेकंदांत पुन्हा लय धरली ते मोजायचं. माझ्या बोटी पंचवीस सेकंदांवरून दहावर यायच्या. एका रेगाटात आमचा क्रॅब झाला, समोरची बोट दोन बोटींच्या लांबीइतकी पुढे निघून गेली, आणि दोनशे मीटरवर त्यांचाही क्रॅब झाला. ते एकमेकांवर ओरडत बसले. आमची बोट शांतपणे बाजूने निघून गेली.

शर्यतींचं स्वरूपही समजून घ्या, कारण दोन्हींची तयारी वेगळी. नोव्हेंबरातल्या रेगाटांमध्ये, एमा स्प्रिंट्स असो की क्लेअर नॉव्हिसेस, दोन बोटी शेजारी शेजारी, थोडंच अंतर पळतात आणि सुरुवात उभ्या बोटीतून होते. म्हणजे सगळा ताण पहिल्या पाच स्ट्रोकवर. स्लाइडवर, म्हणजे सरकत्या सीटच्या रुळांवर, पूर्ण पुढे न येता आधी अर्धे-पाऊण स्ट्रोक घेऊन बोट हलवतात, मग लांब स्ट्रोकवर येतात. नवशिक्यांचे निम्मे क्रॅब याच पाच स्ट्रोकमध्ये होतात, कारण बोट अजून वेगात नसते आणि प्रत्येक जण जीव खाऊन ओढतो. तुम्ही पहिले तीन स्ट्रोक सत्तर टक्के जोरानेच घ्या. कोणाला कळणारही नाही, आणि ब्लेड नीट बाहेर येईल.

फेअरबेर्न वेगळी आहे. तिथे बोटी एकामागोमाग एक, मधे अंतर ठेवून सोडतात आणि घड्याळाशी शर्यत असते. जीझस कॉलेजच्या बोटहाऊसपासून प्रवाहाच्या दिशेने, आणि नवशिक्यांना वरच्या दर्जाच्या बोटींपेक्षा कमी अंतर. ज्यांच्या नावाने ती आहे ते स्टीव्ह फेअरबेर्न मूळचे ऑस्ट्रेलियाचे, याच जीझस कॉलेजचे रोअर आणि कोच. १९२६ साली थेम्सवर हेड ऑफ द रिव्हर रेस सुरू झाली ती त्यांच्याच कल्पनेतून. हिवाळ्यात लांब अंतर वल्हवायला लावल्याशिवाय क्रू तयार होत नाही हा त्यांचा आग्रह, आणि आखडून वल्हवण्यापेक्षा सैल, नैसर्गिक हालचालीवर त्यांचा भर. तुमच्या डाव्या हाताला त्यांचं म्हणणं तंतोतंत लागू आहे.

अशा लांब शर्यतीत नवशिके एकच चूक करतात, सुरुवातीला पळत सुटतात. वरचा घनाचा हिशेब इथे पुन्हा आठवा. दर ५०० मीटरला दोन मिनिटांच्या वेगाला साधारण २०३ वॅट लागतात, १:५५ च्या वेगाला २३०. पाच सेकंदांच्या फरकासाठी तेरा-चौदा टक्के जास्त शक्ती. पहिल्या मिनिटात ती उधळली की चौथ्या मिनिटाला पाय जड होतात, स्लाइडवर पुढे येणं घाईचं होतं, आणि दमलेला हात पुन्हा लवकर फिरवायला लागतो. दम लागला असं वाटलं की जोर कमी करा, लांबी कमी करू नका, आणि पुढच्या माणसाच्या पाठीवरून नजर हलवू नका. चौथ्या सीटवरचा माणूस तुमच्या मागे बसून तुमच्याकडे बघूनच वल्हवतोय. तुमची लय मोडली की ती मागे पहिल्या सीटपर्यंत मोडते. पाचव्या सीटवरच्या माणसाकडून बोटीला वॅटपेक्षा ही लयच जास्त हवी असते.

अर्ग पूर्ण सोडू नका. आठवड्यातून दोनदा, तीस-तीस मिनिटं, मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक, बोलता येईल इतक्या जोराने. बाजूचा डँपर (हवा कमी-जास्त करणारा खटका) दहावर लावू नका, तीन ते पाचच्या मध्ये ठेवा. दहावर मशीन जड लागतं म्हणून जास्त व्यायाम होतो असं वाटतं, पण त्याने फक्त कंबर भरून येते. क्रम पाय, पाठ, हात. परत येताना हात, पाठ, पाय. यातला परतीचा प्रवास ओढण्याच्या दुप्पट वेळ घेतला पाहिजे. बोटीत सगळ्यांची लय जुळते ती या परतीच्या वेळात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्यावर मी इथून ठाम बोलू शकत नाही. पहिली, तुमचा कॉक्स. तोही नवशिकाच असेल तर शर्यतीचा निम्मा निकाल त्याच्या शांतपणावर ठरतो. त्याच्याशी मैत्री करा. दुसरी, नदी. पाऊस पडून कॅम चढली आणि पिवळा झेंडा लागला की नवशिक्यांवर बंधनं येतात, लाल लागला की कोणीच बाहेर पडत नाही. पाच आठवड्यांतले दोन असेच गेले तर मी सांगितलेली तालीम अर्गच्या खोलीत आणि टँकमध्ये, म्हणजे सरावाच्या बंदिस्त हौदात, करावी लागेल, आणि फरक कमी पडेल. तिसरी, तुमची पाठ. दुखणं व्यायामानंतरचं, स्नायूंचं असेल तर चालेल. ते कंबरेतून पायात उतरत असेल किंवा बधिरपणा असेल तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, मग शर्यत असो वा नसो. चौथी, पोहणं. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. कपड्यांसकट पन्नास मीटर पोहता येत नसेल तर कॅप्टनला आजच सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, पण ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखीही नाही. एट सहसा उलटत नाही, पण नोव्हेंबरातलं पाणी अतिशय थंड असतं. कधी उलटलीच तर बोट सोडून काठाकडे पोहत निघू नका, बोटीला धरून राहा, ती तरंगते. दर वेळी बसताना बुटांच्या टाचांची दोरी तपासा. ती आखूड आणि घट्ट बांधलेली असेल तरच पाय झटकन सुटतात.

हातांच्या फोडांबद्दल वेगळं विचारलंय म्हणून: फोडू नका, फुटले तर धुऊन टेप लावा, हातमोजे घालू नका, त्याने पकड आणखी घट्ट होते. उघड्या जखमेत नदीचं पाणी जाऊ देऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोची जी भीती असते तो आजार इथल्या नद्यांतही आहे, इथले रोअर त्याला वाइल्स डिसीज म्हणतात. आउटिंगनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. आणि सैल जॅकेट घालून वल्हवू नका, वल्ह्याची मूठ त्याच्या खिशात अडकते आणि तोही क्रॅबच होतो.

आता बाजूला होण्याबद्दल. तुम्ही बाजूला झालात तर पाच आठवड्यांवर शर्यत असताना एका पूर्ण नव्या माणसाला पाचव्या सीटवर बसावं लागेल. तुमचे जे दोन क्रॅब आत्ता झाले ते त्याचे पुढच्या आठवड्यात होतील, आणि बोट पुन्हा पहिल्या आठवड्यावर जाईल. सात जण आउटिंगला आले आणि आठवा आला नाही तर त्या दिवशी बोट पाण्यात उतरतच नाही, आणि नवशिक्यांचं सगळ्यात मोठं नुकसान मी यातूनच होताना पाहिलंय. अभ्यासामुळे तुम्हाला आठवड्यातून तीन सकाळी येणं जमणार नसेल, तर मात्र मी म्हणेन की आत्ताच सांगा आणि राखीव म्हणून राहा. येणं जमणार असेल तर नाव मागे घेऊ नका.

उद्याच्या आउटिंगला दहा मिनिटं आधी जा. कोचला गाठून तुमचा डावा तळहात दाखवा आणि म्हणा, 'मी ब्लेड लवकर फिरवतोय असं वाटतं. वॉर्म-अपमध्ये मला दहा मिनिटं फक्त उजव्या हाताने वल्हवू द्याल का?' अंगठ्याच्या मुळाशी फोड नसेल तर माझं निदान चुकलं असेल. तसं असेल तर क्रॅब नेमका कोणत्या क्षणी झाला आणि त्या वेळी बोट कोणत्या बाजूला कललेली होती ते मला लिहून कळवा, आपण दुसरं कारण तपासू.